गाण्यांसाठी गेलो होतो

सिनेमामुळे माणूस बिघडतो असं म्हणणारा कुणी भेटला, की मी हल्ली त्याला एकच प्रश्न विचारतो. "आपण कितव्या वर्षी बिघडलात?" समोरचा गृहस्थ एकतर चिडतो, नाहीतर मनातल्या मनात हिशेब करायला लागतो. चिडणाऱ्यांपेक्षा हिशेब करणारे मला अधिक आवडतात. त्यांच्या चेहऱ्यावर थोड्या वेळाने एक हसू उमटतं आणि ते कुठल्या सालच्या कुठल्या थिएटरातून आलेलं आहे, हे मला बरोबर ओळखता येतं.

आमच्या मांजरीत ज्येष्ठ नागरिकांचा एक कट्टा आहे. मांजरी म्हणजे मांजरी बुद्रुक. पुण्याहून दौंडकडे जाताना हडपसर सोडलं की लागतं ते. पूर्वी इथे ऊस, द्राक्षं आणि वांगी पिकत. हल्ली फ्लॅट पिकतात. 'मांजरी गोटा' नावाची वांग्याची जात आहे, एवढंच आता आमच्या नावाचं वैभव. २०२१ साली आमचं गाव पुणे महापालिकेत गेलं. म्हणजे कागद गेले. आम्ही आहोत तिथेच आहोत, आणि पाणीही आहे तेव्हाच येतं. तर या कट्ट्यावर रोज संध्याकाळी साडेपाच वाजता देशाचं वाटोळं कुणी केलं, या विषयावर चर्चा होते. वारांनुसार आरोपी बदलतात. सोमवारी पुढारी, मंगळवारी सुना, बुधवारी डॉक्टर. शनिवार मात्र सिनेमासाठी राखून ठेवलेला आहे.

परवाच्या शनिवारी आमचे नाना जरा जोरातच होते. "पोरांच्या डोक्यात नाही नाही त्या इच्छा हे सिनेमावालेच भरवतात," नाना म्हणाले. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं."

"नाना," मी म्हटलं, "एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचं काय?"

नानांना एकदम खोकला आला. कट्ट्यावरच्या बाकीच्या चौघांनीही आपापल्या काठ्या तपासायला घेतल्या. खोकला थांबल्यावर नाना म्हणाले, "ते वेगळं. ते आपण गाण्यांसाठी गेलो होतो."

वाचकहो, माझं भांडण आहे ते या एका वाक्याशी.

आता अठ्ठ्याहत्तर सालचं म्हणजे काय, ते ज्यांना खोकला आला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या लायनीवर मांजरीनंतरचं स्टेशन लोणी. त्या लोणी काळभोरला मुळा-मुठेच्या काठी राज कपूरची मोठी शेती होती, राजबाग. आता तिथे एका शिक्षणसंस्थेचं आवार आहे आणि राज कपूरचं स्मारकही आहे. पण त्या काळी तिथे सिनेमाची शूटिंगं होत, आणि त्यांतलं एक होतं 'सत्यम् शिवम् सुंदरम्'चं. १९७८ साली तो सिनेमा पडद्यावर आला. नायक शशी कपूर, नायिका झीनत अमान, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलालचं आणि गळा लताबाईंचा.

शूटिंग चालू असल्याची बातमी मांजरीत आली तेव्हा गावाची काय अवस्था झाली, ते मला अजून आठवतं. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नुकताच बँकेत चिकटलेला, रोज शटलने पुण्याला जाणारा. एका रविवारी आम्ही सहा जण चार सायकलींवरून लोणीला गेलो. तीन तास उन्हात उभे राहिलो. त्या तीन तासांत आम्हांला दिसलं ते एवढं: एक जनरेटरची लॉरी, छत्री धरलेला एक माणूस, छत्री न धरलेला एक माणूस आणि गेटवरचा गुरखा. परत येताना आमच्यापैकी प्रत्येकाने गावात वेगवेगळी हकीकत सांगितली. एकाने तर आपल्या मळ्यातली वांगी शूटिंगच्या पंगतीला गेल्याचं जाहीर केलं आणि पुढे वर्षभर त्या वांग्यांचा भाव चढा ठेवला. खोटं बोललो म्हणून आम्हांला वाईट वगैरे वाटलं नाही. लोकांना जे ऐकायचं होतं तेच आम्ही सांगितलं. सिनेमाचा धंदा यापेक्षा वेगळा नसतो.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात अशी. नायिकेचा अर्धा चेहरा लहानपणी उकळत्या तेलाने भाजलेला. आवाज मात्र देवाघरचा. धरणावरचा इंजिनियर येतो, आवाजावर भाळतो. ती पदराने अर्धा चेहरा झाकून त्याला भेटते. लग्न होतं, घुंगट उघडला जातो आणि इंजिनियर किंचाळतो की ही ती नव्हेच, मला फसवलं! मग दिवसा तो बायकोला हिडीसफिडीस करतो, आणि रात्री धबधब्याजवळ त्याच बायकोला, ती परत घुंगट घेऊन आली की, प्रेयसी म्हणून जवळ घेतो. दोघी एकच आहेत, हे त्याला शेवटचा पूर येईपर्यंत कळत नाही.

आमच्या सौ.चं या कथेवरचं मत एका वाक्याचं आहे. "ज्याला स्वतःची बायको ओळखता येत नाही, त्याच्या ताब्यात धरण दिल्यावर दुसरं काय होणार?"

समीक्षकही तेव्हा असंच काहीबाही म्हणाले. गोष्ट अशक्य आहे, न पटणारी आहे. मला मात्र वाटतं, हिंदी सिनेमात इतकी खरी गोष्ट फार थोड्या वेळा सांगितली गेली आहे. कारण तो इंजिनियर म्हणजे आपण आहोत. पुरुषाला बाई हवी असते, हे चूक आहे. त्याला घुंगट हवा असतो. घुंगटाआड काय असावं, ते त्याचं त्याने आधीच ठरवलेलं असतं. आत कुणी खरं माणूस निघालं, भाजलेलं, चष्म्याचं, दमलेलं, स्वतःचं काही म्हणणं असलेलं, की त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि हे आपल्याला कुणी शिकवलं? सिनेमाने? छे! हे घेऊनच आपण तिकिटाच्या रांगेत उभे होतो.

आमच्या गावाचं भूगोलातलं एक वैशिष्ट्य सांगतो, म्हणजे माझा मुद्दा ध्यानात येईल. मुळा-मुठेच्या एका काठाला मांजरी बुद्रुक आणि दुसऱ्या काठाला मांजरी खुर्द. बुद्रुक म्हणजे थोरलं, खुर्द म्हणजे धाकटं. माणसाच्या मनाचीही अशीच वाटणी असते. बुद्रुक मन पाहुण्यांना दाखवायचं. तिथे शाळा असते, देऊळ असतं, सुविचारांचा फळा असतो. खुर्द मन नदीपल्याड. तिथलं कुणी विचारलं तर "आमचं तिकडे जाणं नसतं" म्हणायचं. दोन्हींच्या मधे एकच पूल, आणि तो सिनेमाच्या तिकिटाएवढ्या रुंदीचा. दिवे गेले की आपण निमूटपणे पूल ओलांडून खुर्दात जातो, अडीच तास तिथे हिंडतो, आणि दिवे आले की चपला झटकून बुद्रुकात परत. घरी कुणी विचारलंच तर उत्तर तयार असतं. गाण्यांसाठी गेलो होतो.

ही काही आजकालची गोष्ट नाही. १९१७ साली दादासाहेब फाळक्यांनी 'लंकादहन' काढला. त्यात राम झाले होते अण्णा साळुंके. सीता कोण होती? तीही अण्णा साळुंकेच. हे गृहस्थ त्याआधी एका उपाहारगृहात नोकरीला होते. फाळक्यांनी त्यांना हेरलं आणि १९१३च्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती केलं, कारण सिनेमात काम करायला बायका मिळेनात. तर असा हा पुरुष एकाच सिनेमात नवरा आणि बायको दोन्ही होता, आणि पडद्यावर राम दिसला की लोक जोडे काढून हात जोडत होते. त्यांना देव बघायचा होता, त्यांनी देव बघितला. साळुंक्यांचे दंड मध्ये आले नाहीत. १९७५ साली 'जय संतोषी माँ' आला तेव्हाही तेच. चपला थिएटरच्या दाराशी, आरती ओवाळणं चालू, पडद्यावर नाणी पडताहेत. त्याच वर्षी 'शोले'ही आला. म्हणजे एकाच वर्षी एकाच जनतेला उपासही हवा होता आणि गब्बरही हवा होता. आता सांगा, यांतली कुठली इच्छा सिनेमाने लोकांच्या डोक्यात भरवली?

राज कपूरला हे पक्कं कळलं होतं. १९७० साली त्याने 'मेरा नाम जोकर' काढला. त्यात स्वतःचं काळीज काढून पडद्यावर ठेवलं, दोन मध्यंतरं दिली, तरी लोक आले नाहीत. दुसऱ्याचं काळीज बघायला लोक पैसे देत नाहीत. मग १९७३ साली त्याने 'बॉबी' काढला आणि लोकांना त्यांचंच काळीज, सोळा वर्षांचं करून, परत दिलं. थिएटरं ओसंडली. पुढे 'सत्यम् शिवम् सुंदरम्'मध्ये तर त्याने आमचं दुटप्पीपण आमच्यासमोर मांडलं. देवळातली घंटा आणि भिजलेली साडी एकाच तिकिटात. हवी ती घ्या आणि दुसरीचं नाव सांगून घरी जा. अश्लीलतेच्या तक्रारीवरून प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्यासारख्या विद्वान न्यायाधीशांनी ते ऐकलं आणि निकाल राज कपूरच्या बाजूने लागला. सिनेमा सुटला. प्रेक्षकांवर कुणी फिर्यादच केली नव्हती, म्हणून आम्हीही सुटलो.

मी तो सिनेमा तीनदा पाहिला. दोनदा मित्रांबरोबर. तिसऱ्या वेळची गोष्ट सांगायला मी हा लेख लिहायला घेतला आहे, आणि इतका वेळ इकडचं तिकडचं बोलतो आहे तेही ती सांगायची पाळी येऊ नये म्हणून.

झालं असं, की रेडिओवर लताबाईंचं ते शीर्षकगीत सकाळ-संध्याकाळ लागायचं. सिनेमाचं नाव संस्कृत, गाणं भजनाचं. आमच्या वडिलांची समजूत झाली की हा सिनेमा धार्मिक आहे. वडील प्राथमिक शाळेत मास्तर. वर्षातून एक सिनेमा, तोही संताचा, असा त्यांचा शिरस्ता. ते म्हणाले, "सगळ्यांनी जाऊन येऊ." खरं काय ते सांगायचं तर मी आधी दोनदा बघून आलोय, हे सांगावं लागलं असतं. मी गप्प बसलो. वडील, आई, आत्या, माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, आणि मी असे पाच जण पुण्याला जाऊन बाल्कनीत बसलो. आत्याने तर तीर्थाचा डबा तेवढा घ्यायचा ठेवला होता.

सुरुवात भक्तिभावाने झाली. आत्याने हात जोडले. पुढे झीनत अमान मोठी होऊन पडद्यावर आली आणि आमच्या रांगेत एक विलक्षण शांतता पसरली. वडिलांनी पहिली पाच मिनिटं छताचा पंखा बघितला. मग ते बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. मग परत पंखा बघितला. आई पदराचं टोक घट्ट धरून "गाणं छान आहे हो" असं गाणं नसतानाही म्हणाली. जोडलेले हात सोडावेत की नाहीत, हे आत्याला कळेना. मी आपला अंग चोरून बसलो होतो आणि पुढे काय काय आहे ते माहीत असल्यामुळे माझी अवस्था सर्वांत वाईट होती.

आणि मग तो घुंगट उघडण्याचा प्रसंग आला.

माझ्या ताईच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. ती चार वर्षांची असताना देवी आल्या, डोळे वाचले, जीव वाचला, चेहरा राहिला तसा राहिला. देश देवीमुक्त झाल्याचं १९७७ साली जाहीर झालं. वडिलांनी ती बातमी वाचून दाखवली तेव्हा ताई म्हणाली, "बरं झालं. आता मी दुर्मीळ झाले." ती बी.एस्सी., बी.एड. होती, एका शाळेत गणित शिकवायची. तिला बघायला तोवर अकरा जण येऊन गेले होते. ते यायचे, बसायचे, ती पोहे घेऊन यायची. पाहुणे तिच्याकडे एकदा बघायचे आणि मग बशीकडे. मग आठ दिवसांनी पत्र यायचं. पत्रिका जुळत नाही. निघताना मात्र प्रत्येक जण न चुकता म्हणायचा, "पोहे छान झाले होते."

तर घुंगट उघडला गेला. पडद्यावरचा नवरा दचकून मागे सरला. आणि त्याच क्षणी सगळं थिएटर, वरचं, खालचं, दीड रुपयाचं, साडेतीन रुपयांचं, एका आवाजात "हं!" करून दचकलं. आधीच्या दोन वेळांना त्या आवाजात माझाही आवाज होता. या वेळी मात्र तो आवाज मी ऐकला. कारण माझ्या शेजारी ताई बसली होती, आणि मी पडद्याकडे न बघता लोकांकडे बघत होतो. आठशे माणसं. चेहऱ्यांवर पडद्याचा उजेड पडलेला. त्यांतल्या एकालाही त्या क्षणी त्या मुलीची दया आली नव्हती. सगळ्यांना नवऱ्याची दया आली होती.

ताईने पर्समधून रुमाल काढला आणि शांतपणे चष्मा पुसला. बास. तिने दुसरं काहीही केलं नाही.

शेवटी पूर आला, इंजिनियरला उपरती झाली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. कित्येकांचे डोळे ओले होते. मघाशी दचकलेले हेच ते लोक. अडीच तासांत त्यांची मनं इतकी विशाल झाली होती, की त्या घटकेला त्यांना विचारलं असतं तर त्यांनी जगातल्या सगळ्या भाजलेल्या, व्रणांच्या, काळ्या, ठेंगण्या मुलींना सुना करून घेतलं असतं. पण बाहेर पडायच्या दारापर्यंत जागा अरुंद असते. तिथल्या धक्काबुक्कीत पाकीट जपता जपता विशाल मन कुठे पडलं, ते कुणाच्या लक्षात येत नाही. रस्त्यावर आल्यावर वडील घसा साफ करून म्हणाले, "गाणी छान होती." आई म्हणाली, "गाणी छान होती." आत्या म्हणाली, "लताचा आवाज म्हणजे काय!" मीही म्हटलं, "गाणी छान होती."

इथवर वाचून, बघा, हा लेखक किती संवेदनशील आहे, असं कुणाला वाटत असेल तर त्याने पुढचा परिच्छेद जरूर वाचावा.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी साताऱ्याला मुलगी बघायला गेलो. मुलगी शिकलेली, नोकरी करणारी, बोलायला मोकळी. तिने मला दोन प्रश्नही विचारले, आणि दोन्ही माझ्यापेक्षा बरे होते. पण तिच्या चष्म्याचा नंबर मोठा होता, आणि रंग, आपण ज्याला सावळा म्हणतो आणि जाहिरातीत निमगोरा लिहितो, तसा होता. माझ्या डोक्यात काय होतं? धबधबा होता. मी घरी येऊन सांगितलं, "जमेल असं वाटत नाही." वडिलांनी साताऱ्याला पत्र टाकलं. पत्रिका जुळत नाही. त्याच आठवड्यात ताईसाठी आलेल्या बाराव्या स्थळाचं पत्र आलं. मजकूर अक्षराअक्षराने तोच. आईने दोन्ही पत्रं, आलेलं आणि जायचं, एकाच कोनाड्यात ठेवली होती. पोस्टात टाकायला मी त्यातलं चुकीचं उचललं आणि आईने ते माझ्या हातातून काढून घेतलं. ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, असं आज वाटतं.

म्हणून मी म्हणतो, की सिनेमावर खटले भरणं सोडा. सिनेमा हा साक्षीदार आहे. आपल्याला काय हवं असतं आणि आपण काय सांगतो, या दोन्हींच्या मधे तो उभा असतो आणि जे बघितलं ते सांगतो. साक्षीदाराला मारल्याने गुन्हा मिटत नाही. व्हिएन्नाच्या डॉक्टर फ्रॉइडनी रोग्याला कोचावर निजवून, वर्षानुवर्षं बोलतं करून जे बाहेर काढलं, ते आमच्या थिएटरचा डोअरकीपर हातातल्या बॅटरीच्या झोतात रोज तीन खेळ बघत होता. कोण कुठे हसतो, कोण कुठे खाकरतो, कुणाला नेमक्या कुठल्या प्रसंगाला पाणी प्यायला जावंसं वाटतं. त्याने कधी पुस्तक लिहिलं नाही, ही समाजाची पुण्याई.

कुणी म्हणेल, हे जुनं झालं. आता माणसं सुधारली. २०१६ साली 'सैराट' आला तेव्हा मी बघायला गेलो होतो. पडद्याकडे कमी आणि लोकांकडे जास्त, ही माझी आता सवयच झाली आहे. पहिल्या भागात लोक खुर्च्या सोडून नाचत होते. प्रेमात पडलेल्या त्या दोघांच्या जाती त्या वेळी थिएटरात एकालाही आठवत नव्हत्या. शेवट झाला आणि सगळे मुकाट्याने, पायऱ्या मोजत बाहेर पडले. माझ्या पुढे एक कुटुंब चाललं होतं. बाई डोळे पुसत होती. तिच्या कॉलेजातल्या मुलीने हळूच विचारलं, "आई, आपल्याकडे असं झालं तर?" बाईंचे डोळे तत्क्षणी कोरडे झाले. "वेडेपणा करू नकोस," ती म्हणाली. "चल, रिक्षा बघ." आत असताना आपण सगळे पळून जाणाऱ्या पोरांच्या बाजूचे असतो. बाहेर आलो की आपण त्यांना शोधायला निघालेल्या जीपमध्ये बसतो.

आणि घुंगट? तो तर आता खिशात आला आहे. आमच्या शेजाऱ्यांचा मुलगा लग्नासाठी मुली बघतो, म्हणजे फोनवर अंगठा फिरवतो. अंगठा डावीकडे, पोहे नाहीत, पत्र नाही. फोटोतल्या मुलींचे चेहरे फोननेच गुळगुळीत केलेले, आणि यानेही आपला फोटो तसाच करून टाकलेला. परवा एकीला प्रत्यक्ष भेटून आला आणि म्हणाला, "काका, फोटोतली ती ही नव्हेच. फसवणूक आहे!" मी त्याला म्हटलं, "बाबा रे, धरणावर नोकरीला आहेस का?" त्याला काही कळलं नाही. त्याने तो सिनेमा पाहिलेला नाही. म्हणजे बघा, सिनेमा न बघताही माणूस तसाच निघाला.

ताईने लग्न केलं नाही. तेहतीस वर्षं गणित शिकवलं, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाली. अर्ध्या मांजरीला तिने त्रैराशिक शिकवलंय आणि उरलेल्या अर्ध्या मांजरीला तिचा धाक आहे. तिचं आयुष्य फुकट गेलं असं म्हणायची कुणाची छाती नाही, माझी तर नाहीच. पण ते असंच जावं हे तिने एकटीने ठरवलेलं नव्हतं. बारा जणांनी मिळून ठरवलं होतं, आणि त्यांतला प्रत्येक जण घरी जाऊन म्हणाला असणार, की सिनेमामुळे हल्ली समाज बिघडत चाललाय.

गेल्या महिन्यात दुपारी टीव्हीवर 'सत्यम् शिवम् सुंदरम्' लागला होता. सौ. माहेरी गेलेली, मी एकटाच. ताई वरच्या मजल्यावर राहते. ती चहाला खाली आली आणि पाच मिनिटं उभ्याने बघत राहिली. नेमका तोच प्रसंग जवळ येत होता. मी रिमोट शोधायला लागलो. ती म्हणाली, "राहू दे रे. बघितलाय मी." मग खुर्चीत बसली. प्रसंग आला आणि गेला. थिएटर नव्हतं, त्यामुळे कुणी दचकलं नाही.

"तू हा तेव्हा तीनदा बघितलास ना?" तिने विचारलं.

मी चमकलो. "तुला कसं माहीत?"

"त्या दिवशी दर वेळी तू आधीच मान खाली घालत होतास. गणित शिकवते मी. दोन आधीचे, तिसरा आमच्याबरोबरचा." मग जरा थांबून म्हणाली, "तीन तीनदा कशासाठी रे गेलास?"

सत्तरी ओलांडलेल्या माणसाने आपल्या थोरल्या बहिणीला काय सांगायचं? तोंडातून निघून गेलं, "अगं, गाणी छान होती."

ताई माझ्याकडे बघून हसली. अगदी मनापासून हसली.

"हो," ती म्हणाली. "पोहेसुद्धा छान व्हायचे."

मी टीव्ही बंद केला आणि उठून चहा टाकला. तिला दोन चमचे साखर लागते, हे तिला विचारूनच मला कळलं.